धुण्याचा दगड आणि नऊवारी लुगडे

कुर्डुवाडीचा इतिहास कोणीही सांगू लागले की तो आगगाडीपासून सुरू होतो, आणि त्यात गैर काही नाही. जी. आय. पी. कंपनीची मोठी लाइन इथून सोलापूरकडे गेली. १८९७ साली कॅल्थ्रॉपसाहेबाने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. १९११ साली ती लातुरास पोचली, १९२७ साली पंढरपुराच्या पुढे मिरजेपर्यंत गेली आणि १९५४ च्या जानेवारीत सरकारने ती विकत घेतली. आपल्या स्टेशनाचे नाव पूर्वी ‘बार्शी रोड’ असे होते, हेही मुलांना ठाऊक असते. इंजिने कोणती आली, वर्कशॉप कधी वाढले, हे सारे कोठे ना कोठे लिहून ठेवलेले सापडते. परंतु त्या वर्कशॉपातून तेलाने माखलेले जे कपडे संध्याकाळी घरोघर येत, ते कोणी धुतले, कशाने धुतले, आणि त्याला पाणी किती लागले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. ठेवणार तरी कोण? धुणाऱ्या बायकांचे हात त्या वेळी ओले असत.

जुन्या पोशाखावर लिहावयाचे म्हणजे पैठणी, चंद्रकळा, इरकली यांचे कौतुक करावे, अशी एक रीत पडली आहे. त्या वस्तू सुंदर होत्या यात शंका नाही. पण त्या पेटीत असत. रोजच्या अंगावर काय असे, हा प्रश्न वेगळा आहे. माझे तर असे मत झाले आहे की, आपल्या आयांनी नि आज्यांनी काय नेसले, किती लांबीचे नेसले नि किती दिवसांनी बदलले, हे आवडीनिवडीने फार थोडे ठरले. ते ठरवले विहिरीने आणि घरात धुण्याला किती हात होते त्याने.

प्रथम पाण्याचेच घेऊ. माढा तालुक्याच्या एका अंगाला भीमा आणि दुसऱ्या अंगाला सीना. नद्या दोन, पण आपले गाव मधल्या उंचवट्यावर. घाटावर जाऊन वाहत्या पाण्यात धुणे धुवावे, हे सुख आमच्या वाट्याला आले नाही. आमचे धुणे विहिरीवर किंवा अंगणातल्या दगडावर. त्यातून आपल्याकडच्या विहिरी काळ्या दगडात खणलेल्या, चुनखडीच्या पट्ट्यांतून पाझरून आलेले पाणी. म्हणजे बहुतेक पाणी जड. जड पाण्यात डाळ शिजत नाही, आणि साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यातला चुना नि मॅग्नेशियम साबणाशी मिळून एक चिकट, पांढरट साका तयार होतो. तो कापडात बसतो आणि कापड पिवळट नि खरखरीत होते. शास्त्रातले हे कारण आम्हांला शाळेत पुढे कळले. आजीला ते अनुभवाने ठाऊक होते. ती म्हणायची, “या विहिरीचं पाणी साबण खातं गं.” म्हणून पिण्याची विहीर वेगळी आणि धुण्याची वेगळी, आणि पावसाळ्यात पन्हाळीखाली हंडे, बादल्या, परात, जे हाती लागेल ते मांडून ठेवायचे. पावसाच्या पाण्यात धुतलेले धोतर कसे निघते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांनाच कळेल.

आमच्या घरी माणसे नऊ. आठवड्याच्या मोठ्या धुण्याला आई पंधरा-सोळा घागरी पाणी धरीत असे. प्रत्येक घागर पोहऱ्याने शेंदायची, कमरेवर घेऊन आणायची. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की दोराला दुसरा दोर बांधावा लागे. मी आठव्या वर्षापासून लहान कळशी आणीत असे, आणि माझ्या भावांनी ती कधी आणल्याचे मला आठवत नाही. ते वाईट मुलगे नव्हते. तसा रिवाजच नव्हता, एवढेच.

आता कापडाचे. आपल्या भागाला कापड पुरवणारे ठिकाण म्हणजे सोलापूर. तेथली जुनी गिरणी १८७७ साली चालू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या निघाल्या, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग तर घरोघर खडखडत. इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण कर्नाटकातून येई. रोजचे लुगडे जाड सुताचे असे. सुताचा ‘नंबर’ हा शब्द जुन्या बायकांच्या तोंडी होता. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे वीस नंबरचे सूत जाड, साठ-ऐंशी नंबरचे बारीक. गिरणीच्या बारीक सुताचे जे नेसूचे आले त्याला बायकांनी ‘पातळ’ असे नाव दिले. नाव अगदी सरळ आहे. जे जाड ते लुगडे, जे पातळ ते पातळ. पण त्या एका शब्दात केवढी सुटका आहे पाहा. जाडेभरडे नऊवारी लुगडे भिजले म्हणजे एकटीच्या हाताने पिळून होत नसे. दोघींनी दोन टोके धरून उलटसुलट पीळ द्यावा लागे. घरात दुसरी बाई नसली तर एक टोक खांबाला गुंडाळायचे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पातळ मात्र एकटीला पिळता येई. सासूसुनांचे बोलणे बंद असले तरी लुगडे पिळायला मात्र दोघींना समोरासमोर उभे राहावे लागे, असे आमच्या शेजारच्या काकू हसून सांगत. पातळे आली नि अबोला लांबला, असेही त्या म्हणत.

लुगडे किती वर्षे टिके, असे मुली विचारतात. खरे म्हणजे ते मरतच नसे, फक्त जात बदलत जाई. नवे लुगडे प्रथम सणाला आणि परगावी. नंतर रोज. नेसताना बसण्याची जागा आधी विरते. ती विरली की मधला भाग फाडून टाकायचा आणि दोन्ही चांगली टोके जोडून शिवायची. याला ‘दांड घालणे’ म्हणत. दांड घातलेले लुगडे नेसून विहिरीवर जाण्यात कमीपणा नव्हता, कारण जिच्या लुगड्याला दांड नाही अशी बाई सगळ्या आळीत एखादीच. तेही विरले की त्याचे मुलींचे परकर, बाळाची झबली, टोपडी, कुंच्या नि दुपटी, मग वाकळेच्या आत थर, मग चुलीवरचे भांडे उतरवण्याचे फडके, शेवटी पोतेरे. दिवाळीला मात्र नवे कापड. वडील सोलापूरहून एकच तागा आणीत आणि त्यातून आम्हा सगळ्या भावंडांचे सदरे, पोलकी, परकर निघत. दिवाळीत कोणते मूल कोणाचे हे चिटाच्या फुलांवरून ओळखता येई.

युद्धाच्या काळातील कापडाची टंचाई मी पाहिली नाही, पण आईच्या बोलण्यात ती नेहमी असे. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले आणि ठाणांवर किंमत छापणे सक्तीचे केले. १९४८ च्या जानेवारीत नियंत्रण उठवले, तर भाव इतके भडकले की त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले. आईचे लग्न त्या काळातले. रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभे राहून मिळालेले लुगडे नेसूनच ती या गावात आली. तिच्याबरोबरीच्या एकीला सासरी येताना मनासारखे नऊवारी मिळालेच नाही, तेव्हा दोन तुकडे जोडून तिने नेसले. नऊवारी जाऊन पाचवारी आली ती शिक्षणामुळे नि मुंबई-पुण्याच्या हवेमुळे, असे आपण म्हणतो. तेही खरे आहेच. परंतु कापड मिळेना, मिळाले तर परवडेना, आणि साडेचार मीटर धुवावयाला सव्वाआठ मीटरांच्या निम्मेच पाणी लागते, हा हिशेब बायकांनी केला नसेल असे मला वाटत नाही. उघड बोलल्या नसतील, कारण वडीलधाऱ्यांना ‘गोल साडी’ म्हणजे पाय उघडे टाकल्यासारखे वाटे. आमच्या आत्यांनी पाचवारी प्रथम नेसली ती मोठ्या वहिनीच्या बाळंतपणात, जेव्हा सगळे धुणे त्यांच्या एकट्यांवर पडले. आजी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, “वाळतं तरी लवकर.”

धुण्याचे साहित्य आमच्या लहानपणी तीन पिढ्यांचे एकाच वेळी चालू होते. आजीचा विश्वास राखेवर आणि रिठ्यावर. शेणीची राख पाण्यात कालवून ठेवायची, वरचे निवळ पाणी काढून त्यात जाड कपडे भिजवायचे. ते पाणी हाताला बुळबुळीत लागे, कारण त्यात खार उतरलेला असे. रिठे रात्री भिजत घालून सकाळी चोळून त्यांचा फेस काढायचा. तो रेशमी नि लोकरी कपड्यांना. सोवळ्याच्या धाबळीला साबण लावला तर आजीला चालत नसे. आईची भिस्त धुण्याच्या सोड्यावर. मोठ्या हंड्यात पाणी, सोडा आणि पांढरे कपडे घालून चुलीवर उकळायचे, काठीने ढवळायचे, मग दगडावर आणून धोपटण्याने बडवायचे. आणि आम्ही मुली ज्याच्यावर वाढलो तो साबण म्हणजे टाटांच्या तेल कंपनीचा ५०१. लांब वडी येई. ती दोऱ्याने कापून तुकडे वाळवून ठेवायचे, म्हणजे कमी झिजतात. सनलाइट हा साबण हिंदुस्थानात १८८८ सालीच कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता, परंतु आमच्या घरी तो फक्त पाहुण्यांचे रुमाल नि वडिलांचा लग्नकार्यातला सदरा यांच्यापुरता निघे.

पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ. निळीची पुरचुंडी फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची, पाणी आभाळाच्या रंगाचे झाले की बस्स. जास्त झाली तर धोतरावर निळे डाग पडत आणि आईच्या हाताचा धपाटा पाठीवर. पांढऱ्याला निळे लावून पांढरे कसे करतात, हे मला लहानपणी मोठे कोडे होते. वारंवार धुतलेले सुती कापड पिवळसर पडते; निळ्या रंगाची किंचित छटा त्या पिवळेपणाला मारते आणि डोळ्यांना ते पांढरे दिसते. ही नीळ पूर्वी झाडाची असे. पण १८२८ साली फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन करण्याची रीत निघाली आणि हळूहळू धुण्यात तीच पूड सगळीकडे पोचली. त्यानंतर भाताच्या पेजेची खळ. इस्त्री ज्यांच्या घरी असे त्यांची कोळशाची, पितळी. आमच्याकडे तांब्यात निखारे भरून तोच फिरवीत, आणि त्याहून सोपे म्हणजे घडी करून गादीखाली ठेवून त्यावर झोपणे.

वर्कशॉपच्या कपड्यांचे प्रकरण अगदी निराळे. निळी डांगरी (हा शब्द मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड कापडावरून विलायतेला गेला आणि ‘डंगरी’ होऊन साहेबाच्या पोशाखात बसून परत आला, ही एक मौज) रॉकेल चोळल्याशिवाय तेल सोडीत नसे. ती इतर कपड्यांत मिसळायची नाही, तिचे पाणी वेगळे, दगडसुद्धा वेगळा. रॉकेल, सोडा नि जड पाणी यांनी आईच्या बोटांना हिवाळ्यात भेगा पडत. रात्री ती त्यांत मेण आणि खोबरेल गरम करून भरी. त्या भेगांसकट ती पहाटे पुन्हा विहिरीवर.

आणि वाळवणे! मोकळे ऊन, कोरडी हवा, सोलापूर जिल्ह्यासारखे वाळवण दुसरीकडे नाही, असे कोकणातून बदलून आलेल्या बायका म्हणत. पण त्यांना आमची एक अडचण पहिल्या आठवड्यातच कळे. गाव जंक्शन, दोन्ही गेजांची वाफेची इंजिने दिवसभर कोळसा जाळीत. वारा स्टेशनकडून असला की दोरीवरच्या पांढऱ्या धोतरावर काळी रांगोळी. म्हणून गाड्यांचे वेळापत्रक आमच्याकडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त पाठ. आजी म्हणे, “धुणं घालताना आधी आभाळ बघावं, मग इंजिन बघावं.” याच इंजिनांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेडजवळ सोडलेले गरम पाणी बादलीभर मिळाले तर धुण्याला मोठा आधार होई, आणि राखेतले अर्धवट जळलेले कोळसे वेचून आणणाऱ्या मुलींमुळे कितीतरी चुली पेटत. आषाढीला तर छोट्या गाडीच्या खिडकीतून ओले धोतर बाहेर धरून वाळवीत पंढरपुराकडे निघालेले वारकरी आम्ही कुंपणाशी उभ्या राहून पाहत असू. गाडीचा वेग असा की धोतर वाळे, उडत मात्र नसे.

परटाविषयी चार शब्द लिहिल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. सुगीला त्याला धान्य मिळे आणि वर्षभर त्याने गावाचे कपडे धुवायचे. त्याची भट्टी ही आमच्या लहानपणीची मोठी नवलाची वस्तू. सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कपडे मोठ्या भांड्याच्या तोंडाभोवती रचायचे आणि खालून जाळ घालून वाफ द्यायची. प्रत्येक घराच्या कपड्याला बिब्ब्याच्या रसाची खूण, इतकी पक्की की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. परीट म्हणून नाव पुरुषाचे होई, परंतु निम्म्याहून अधिक काम परटीण करी. गाढवावर गाठोडी लादून ती आणि तिच्या मुली सकाळीच निघत. संत गाडगेमहाराज याच समाजात १८७६ साली वऱ्हाडातल्या शेणगावी जन्मले. दुसऱ्यांचे कपडे स्वच्छ करणाऱ्या घराण्यातल्या या पुरुषाने स्वतःच्या अंगावर चिंध्यांची गोधडी घेतली, हातात खराटा घेतला, आणि पंढरपुरात येणाऱ्या गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले.

मात्र परटाच्या या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी आपल्या गोड आठवणींत सहसा येत नाही. तो सगळ्यांचे कपडे धूत नसे. अस्पृश्य मानलेल्यांचे कपडे परीट घेत नसे, आणि सार्वजनिक विहिरीवर त्यांना पाणीही नसे. मग ‘ही माणसे मळकी राहतात’ असे म्हणणारे तोंड वर करून म्हणत. मळ काढण्याचे पाणी आधी अडवायचे आणि मग मळाला नावे ठेवायची! १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी डिसेंबरात, महाडलाच, ते तिथे जमलेल्या बायकांशी स्वतंत्रपणे बोलले. जातीची ओळख म्हणून जशी आखूड लुगडी नेसावी लागतात तशी नेसू नका, पायघोळ नेसा, अंगावरचे कथलाचे नि चांदीचे ओझे टाका, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता; आणि बायकांनी लगेच दुसऱ्या दिवशी नेसण्याची तऱ्हा बदलली. पाणी नि लुगडे या दोन गोष्टी एकाच वर्षी, एकाच गावी पुढे आल्या, हे मला फार मोलाचे वाटते. लुगडे किती खाली यावे हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात होता, आणि तो त्या बायकांनी एका रात्रीत आपल्याकडे घेतला. कपड्याला क्षुल्लक विषय म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्याच दशकातले सोलापूरचे उदाहरण तर आपल्या घराजवळचे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, तेव्हा डोक्यावर पांढरी गांधी टोपी असणे जोखमीचे झाले होते. ती टोपी रोज कोणी धुतली, कोणी खळ लावून कडक केली, हे हुतात्म्यांच्या चरित्रांत येत नाही. आजी मात्र सांगायची की त्या दिवसांत आमच्या घरात दोन टोप्या भाताच्या मडक्यात लपवलेल्या होत्या.

आता जे लिहायचे आहे ते या पानांत पूर्वी छापले गेले नसते. परंतु बायकांच्या स्मरणिकेत नाही लिहिले तर कोठे लिहावयाचे? ‘बाजूला बसण्या’चे चार दिवस, आणि त्या वेळी वापरायचे कापड. ते असे जुन्या लुगड्यांचे तुकडे. इतर सगळे धुणे झाल्यावर, कोणी पाहणार नाही अशा वेळी ते धुवायचे. वाळत घालायचे ते गोठ्यात, पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, किंवा दुसऱ्या लुगड्याच्या आत लपवून. सोलापुरी उन्हासारखे निर्मळ करणारे दुसरे काही नाही, आणि नेमके तेच त्या कापडाच्या वाट्याला येत नसे. पाण्याची ओढ असली की आधी त्याच धुण्याचे पाणी कमी व्हायचे. त्यामुळे मुलींना जी दुखणी झाली ती कोणी बोलली नाही. आजीच्या पिढीतल्या ज्या घरांत विधवेला लाल आलवणावर ठेवीत, तिथे तिच्या वाट्याला दोनच आलवणे येत. एक अंगावर, एक वलणीवर. पाऊस लागला नि दुसरे वाळले नाही तर ओलेच नेसायचे. सोवळ्याची वलणी उंच असे, काठीने कपडे वर चढवावे लागत. त्या वलणीकडे आज कौतुकाने पाहणाऱ्यांनी खाली उभ्या असलेल्या बाईकडेही पाहावे.

१९७२ सालचा दुष्काळ आपल्यापैकी अनेकींनी पाहिला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. विहिरींचे तळ दिसले. पिण्याचेच पाणी मोजून, तेव्हा धुणे पंधरा-पंधरा दिवसांनी. धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, मग तेच सडा घालायला. खडीच्या कामावर बायका रांगेने बसून दगड फोडीत आणि दुपारी सुकडी वाटली जाई. त्यांतल्या एकीने मला सांगितले ते मी विसरू शकत नाही. तिच्यापाशी एकच लुगडे होते. पाझर लागलेल्या ठिकाणी ती पहाटे अंधारात जाई, अर्धे लुगडे नेसून अर्धे धुवी, ते वाळले की बाजू पालटून उरलेले अर्धे. नऊवारी होते म्हणून हे जमले, पाचवारीत जमले नसते, असे ती म्हणाली, आणि हसली. माझे वरचे सगळे मत त्या एका वाक्याने जरा डळमळले हे खरे. ज्या लांबीला मी ओझे म्हणते तीच तिला लाजेपुरती पुरली.

पुढचे सारे भराभर झाले. सर्फची पूड हिंदुस्थानात १९५९ साली आली होती, पण ती मोठ्या शहरांच्या बायकांची. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निर्मा काढली. ती स्वस्त असल्यामुळे आपल्यापर्यंत पोचली. या पुडींविषयी लोक कौतुकाने सांगतात ते जाहिरातीतल्या गाण्याचे. पण कुर्डुवाडीसारख्या गावाला त्यांचा खरा उपयोग कोणता झाला? त्या साबण नाहीत. त्यांचा जड पाण्यात साका बसत नाही. ज्या विहिरीने पिढ्यान्‌पिढ्या साबण खाल्ला, तिला ही पूड खाता आली नाही. त्यात नायलॉन नि टेरिलिनच्या साड्या आल्या. त्या उन्हाळ्यात अंगाला चिकटत, चुलीजवळ तर जिवाला धोका, परंतु झटकल्या की सुरकुती नाही नि तासाभरात वाळल्या. नोकरीला जाणाऱ्या सुनांनी त्या घेतल्या यात नवल नाही. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी जिल्ह्यात फिरू लागले. वाफेची इंजिने गेली, तसे धोतरांवरचे काळे ठिपके गेले. पुढे या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत छोटी गाडीही गेली, रूळ रुंद झाले. परटाची भट्टी कधी विझली ते मात्र मला नेमके सांगता येत नाही, कारण तिचा निरोपसमारंभ कोणी केला नाही.

घरातील मशीन आता कपडे धुते, पिळते, आणि सून कपडे आत टाकून शाळेत शिकवायला जाते. माझ्या पिढीतल्या काही जणी ‘हल्लीच्या मुलींना काम नको’ असे म्हणतात तेव्हा मला राग येतो. आईच्या बोटांच्या भेगा ज्यांनी मेणाने भरताना पाहिल्या आहेत त्यांनी तरी असे म्हणू नये. तरीही मशीनला पाणी लागतेच, आणि एप्रिल-मे महिन्यांत नळ किती दिवसांनी येतो याकडे अजूनही घरातली बाईच डोळे लावून बसते, हे मी पाहते.

मंडळाच्या भगिनींना एक विनंती करून थांबते. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात पैठण्या नि नथी दरवर्षी असतात. या वेळी ज्यांच्या घरी दांड घातलेले एखादे लुगडे, जुन्या लुगड्यांच्या थरांची वाकळ, धोपटणे, कोळशाची इस्त्री किंवा बिब्ब्याची खूण असलेले कापड शिल्लक असेल त्यांनी ते जरूर आणावे. बरोबर कागदावर ते कोणाचे होते, साधारण कोणत्या साली घेतले नि कोणत्या विहिरीवर धुतले जाई, एवढे लिहून द्यावे. कापड धुऊन आणण्याची गरज नाही. जसे आहे तसेच आणावे.